निजामशाहीचे हबशी आणि सिद्दींचे ढोल

नगर जिल्ह्यातील भातवडी हे गाव मराठी वाचकाला शहाजीराजांमुळे ठाऊक असते. १६२४ साली येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा निजामशाहीने पराभव केला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीची वाट पाण्याने आणि चिखलाने अडवण्याची युक्ती ज्याची होती, तो मलिक अंबर आफ्रिकेत जन्मला होता, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता आणि दख्खनमध्ये एका आफ्रिकी सरदाराच्याच पदरी वाढला होता. त्याचा गनिमी कावा, त्याची जमीन महसुलाची घडी आणि त्याने १६१० साली वसवलेली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, यांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मात्र तो आणि त्याच्यासारखे हजारो आफ्रिकी स्त्री-पुरुष या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा सोबत काही गाणी, वाद्ये, नाच, हातातली कला घेऊन आले होते काय आणि त्या साऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. त्याचे उत्तर नगरच्या भुईकोटात मिळत नाही. ते गुजरातेतील भडोच जिल्ह्यातल्या एका टेकडीवर, सौराष्ट्रातील गावांत आणि गोव्याच्या दक्षिणेला उत्तर कन्नडच्या जंगलात आजही ढोलांच्या आवाजात ऐकू येते.

प्रथम नावांविषयी. अरबी भाषेत अबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपिया आणि आसपासच्या प्रदेशाला, ‘हबश’ म्हणत. तेथून आलेला तो हबशी. पुढे आफ्रिकेच्या कोणत्याही भागातून आलेल्या माणसाला हाच शब्द लागू झाला. ‘सिद्दी’ किंवा ‘शिद्दी’ हा शब्द अरबी ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे धनी’ यावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. मूळचा हा आदराचा शब्द. शिवकाळातील बखरी आणि कागदपत्रे वाचणाऱ्यास पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, मराठ्यांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलाल आणि जंजिऱ्याचे सिद्दी ही सारी माणसे सरदार म्हणूनच भेटतात. आजच्या बोलण्यात ‘हबशी’ हा शब्द रंगावरून हिणवण्यासाठी वापरला जातो, हे त्या शब्दाचे आणि वापरणाऱ्यांचेही दुर्दैव होय.

दरबारातील आफ्रिका

अहमद निजामशहाने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य स्थापले आणि १४९४ च्या सुमारास नगर शहराचा पाया घातला. या राज्यात हबशी सैनिक आणि सरदार यांचे वजन सतत वाढत गेले. दख्खनच्या सुलतानांना इराण-तुराणातून आलेल्या उमरावांना शह देणारा गट हवा असे, आणि ज्यांना परतीचे घर नाही असे आफ्रिकी गुलाम-सैनिक त्यांना विश्वासाचे वाटत. मुर्तजा निजामशहा पहिला याचा पेशवा चंगीझखान हा स्वतः हबशी होता. अंबरला विकत घेतले ते त्यानेच. १५९५ मध्ये गादीचा वाद पेटला, तेव्हा इखलासखान आणि अभंगखान हे दोन हबशी सरदार दोन वेगवेगळ्या वारसांच्या पाठीशी उभे होते. आफ्रिकी मंडळी त्या काळी नगरच्या राजकारणात किती आतवर पोहोचली होती, हे यावरून ध्यानात येते. १६०० मध्ये चांदबिबीच्या हत्येनंतर किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यानंतर परांड्याला मुर्तजा दुसरा याला गादीवर बसवून पुढची पंचवीस वर्षे राज्य तगवून धरले ते मलिक अंबरने.

या काळात नगरला चित्रकलाही होती. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याची सचित्र पोथी दख्खनी चित्रकलेच्या आरंभीच्या नमुन्यांत गणली जाते आणि ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेली आहे. मलिक अंबरची काही व्यक्तिचित्रेही उपलब्ध आहेत: सावळा, धिप्पाड, पांढऱ्या जाम्यातला, तलवारीवर हात ठेवून उभा. त्याच्याविषयीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र मात्र शत्रूच्या दरबारातले आहे. जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याने सुमारे १६१६ मध्ये रंगवलेल्या या चित्रात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला बादशहा भाल्याच्या टोकावर खोवलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला हे शिर कधी मिळाले नाही. १६२६ च्या मे महिन्यात, वयाच्या सुमारे ७८व्या वर्षी, अंबर नैसर्गिक मृत्यूने गेला. शेवगाव तालुक्यातील अमरापूर या गावाचे नाव परंपरेने त्याच्याशी जोडले जाते. त्याची कबर खुलताबादेस आहे आणि त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही तेथेच आहे.

एवढे सारे असूनही या दरबारी हबशांकडून आफ्रिकेचे एखादे गाणे वा वाद्य दख्खनला मिळाल्याचा पुरावा दिसत नाही. त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. लष्करी चाकरीसाठी आणले जात ते बहुधा किशोरवयीन मुलगे, घरापासून एकेकटे तोडलेले. त्यांना नवे नाव, नवा धर्म, फारसीचे शिक्षण मिळे. खुद्द अंबरचे बालपणीचे नाव ‘चापू’ असे सांगितले जाते, आणि ‘अंबर’ हे नाव त्याला बगदादच्या एका व्यापाऱ्याने दिले. अशा माणसाला मोठे व्हायचे तर मागचे विसरूनच मोठे व्हावे लागे. जंजिऱ्याच्या नवाबांचे घराणे १९४८ पर्यंत राज्य करीत होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे जाफराबादही त्यांच्याच ताब्यात होते. पण त्यांचा दरबार दरबारी रिवाजाचाच राहिला. आफ्रिकेची आठवण तलवारवाल्यांपेक्षा ओझे वाहणाऱ्यांनी, खलाशांनी, दाया-मोलकरणींनी आणि मळ्यांतून पळालेल्यांनी अधिक जपली.

रतनपूरची टेकडी

हे लोक वेगळ्या वाटांनी आले. पूर्व आफ्रिकेचा स्वाहिली किनारा, झांझिबार आणि मोझांबिक येथून अरब, गुजराती आणि पोर्तुगीज जहाजांतून एकोणिसाव्या शतकापर्यंत माणसे आणली जात होती. गुजरातेत त्यांच्या भक्तीचे केंद्र ठरले ते भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकडीवरचा बावा गोर यांचा दर्गा. आख्यायिका अशी की, आफ्रिकेतून आलेल्या या संताला टेकडीवरील माखणदेवी नावाच्या राक्षसीला आवरता आले नाही, तेव्हा त्याची बहीण माई मिश्रा आली आणि तिने तिला जमिनीत गाडले. म्हणूनच येथे भावाबरोबर बहिणीचीही पूजा होते. या परिसरात अकीक म्हणजे गोमेदासारखे रंगीत खडे सापडतात. खंबायतच्या कारागिरांनी घडवलेले त्यांचे मणी शतकानुशतके आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकले गेले. मणी ज्या समुद्रवाटेने जात, त्याच वाटेने हस्तिदंत आणि गुलाम येत. या टेकडीवर आफ्रिकी संताचे ठाणे असावे, हा म्हणूनच निव्वळ योगायोग वाटत नाही.

उरुसाच्या दिवशी येथे जे घडते त्याला ‘धमाल’ किंवा ‘गोमा’ म्हणतात. मराठीत धमाल म्हणजे नुसती मौज. सिद्दींची धमाल ही मुळात इबादत आहे. ‘गोमा’ हा शब्द स्वाहिली ‘ङोमा’चा वंशज असून त्याचा अर्थ ढोल आणि ढोलावरचा नाच असा दोन्ही होतो. या शब्दाखेरीज काही गाण्यांतही स्वाहिलीचे तुकडे शिल्लक आहेत. गाणाऱ्यांना त्यांचा अर्थ सांगता येतोच असे नाही, पण शब्द सोडलेले नाहीत.

वाद्यांत मान असतो मुगरमानाचा. हा पायावर उभा राहणारा उंच ढोल असून त्याला संताचा प्रसाद मानतात. त्याच्या जोडीला मुसिंडो हा दोन्ही तोंडांनी वाजणारा आडवा ढोल. माई मिश्राच्या नावाचा खुळखुळा नारळाच्या कवटीत खडे भरून, वर कापड शिवून केलेला असतो. शंख फुंकला जातो. आणि या सर्वांत जुनाट व एकाकी आवाज आहे तो मलुंग्याचा. वाकवलेल्या काठीला तार ताणून बांधलेली, खाली पोकळ भोपळा, आणि तारेवर बारीक काडीचा मार. ब्राझीलमध्ये आफ्रिकी गुलामांनी नेलेले बेरिंबाऊ हे वाद्य ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या दोहोंतील साम्य लगेच जाणवेल. दोन महासागरांच्या दोन टोकांना तीच काठी आणि तोच भोपळा पोहोचला. मलुंगा वाजवणारे हात आता फार थोडे उरले आहेत. ढोलाचा घुमारा पाहुण्यांना खिळवून ठेवतो, मलुंग्याचा आवाज मंचावर चार हातांपलीकडे जात नाही, हे त्यामागचे एक साधे कारण.

धमालीची सुरुवात संथ असते. प्रथम संतांची नावे घेतली जातात, मग लय चढत जाते आणि नाचणारे वर्तुळात येतात. मोरपिसांचे साज, डोळे फिरवणे, जनावरांच्या चालींची नक्कल, आणि शेवटी उंच उडवलेला नारळ डोक्यावर झेलून फोडणे. बाहेरच्याला लक्षात राहतो तो नारळ. भक्ताच्या दृष्टीने महत्त्वाचा क्षण त्याआधीच येऊन गेलेला असतो, जेव्हा एखाद्याच्या अंगात ‘हाल’ येतो आणि तो मुगरमानापुढे माथा टेकतो. आपल्याकडे जागरण-गोंधळात किंवा पोतराजाच्या फेरीत ज्यांनी अंगात येणे पाहिले आहे, त्यांना हा क्षण परका वाटू नये.

कवंदी आणि एक योरुबा अभ्यासक

दुसरा पट्टा उत्तर कन्नडचा. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि हळियाळ, जोयडा या भागांत मराठी व कोकणी आजही घरोघरी बोलली जाते. गोव्यातील पोर्तुगीजांच्या घरांतून आणि मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलाम घाटमाथ्यावरच्या या दाट रानात शिरले व तेथेच वसले, असे येथील सिद्दींच्या इतिहासाविषयी मानले जाते. यल्लापूर, हळियाळ, अंकोला, मुंडगोड या तालुक्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. यांच्यातील काही हिंदू, काही ख्रिस्ती, काही मुसलमान. पण पूर्वजांची, ‘हिरियारूं’ची, पूजा आणि ‘डमाम’ हा ढोल हा तिघांचाही सामायिक वारसा आहे. डमामावर बायका-पुरुष दोघेही नाचतात. याच्या जोडीने सिद्दी स्त्रिया फुगडी घालतात आणि शिगम्याला शिगमोही नाचतात. आफ्रिकेचा ढोल आणि कोकणची फुगडी एकाच अंगणात नांदते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

येथील स्त्रियांची खरी कला मात्र कवंदी ही होय. मराठी घरातली वाकळ किंवा गोधडी तीच ही, असे प्रथम वाटते. जुन्या साड्या, लुंग्या, झगे यांचे तुकडे, धावदोऱ्याची शिवण, थंडीच्या रात्रीची ऊब. फरक हातात घेतल्यावर कळतो. शिवण कडेपासून सुरू होऊन मध्याकडे वळत जाते. रंगांच्या ठिगळांना ठराविक नक्षी नसते, पण बेफिकिरीही नसते. चारही कोपऱ्यांना रंगीत कापडाच्या घड्यांचे छोटे त्रिकोणी थर शिवलेले असतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी नागडी असे मानतात. ऊब देण्याच्या कामी या फुलांचा काहीही उपयोग नसतो.

या कवंद्यांकडे जगाचे लक्ष वेधले ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी. त्यांची कारकीर्द घडली ती नायजेरियातील योरुबा समाजाच्या कलेच्या अभ्यासावर. भारतातील आफ्रिकी वंशीयांचा शोध घेत ते उत्तर कन्नडला पोहोचले आणि २००४ च्या सुमारास कवंदी शिवणाऱ्या सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था उभी करण्यास त्यांनी साहाय्य केले. योरुबा समाजात ‘एगुंगून’ नावाचा पूर्वजांचा उत्सव असतो. नाचणाऱ्याच्या अंगावर कापडाच्या पट्ट्यांचे थरावर थर असतात, कुटुंबातली माणसे वर्षानुवर्षे त्यात नवे तुकडे जोडत जातात, आणि तो फिरू लागला की पूर्वजच आल्याचे मानले जाते. अशा कापडांत ज्याची नजर तयार झाली, त्याला सिद्दींच्या वाकळीत नुसते दारिद्र्याचे ठिगळ दिसणे शक्य नव्हते.

तरीही येथे सावध राहिले पाहिजे. योरुबा हे पश्चिम आफ्रिकेतले. भारतात आलेल्यांची मुळे मुख्यतः पूर्व आफ्रिकेत, इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत. कवंदी आणि एगुंगून यांचा थेट नातेसंबंध सांगण्याजोगा आधार नाही, आणि ठिगळांची कला ठिगळे असतील तेथे कुठेही जन्म घेऊ शकते. तुलना उपयोगी पडते ती दुसऱ्याच कारणासाठी. अटलांटिक ओलांडून क्यूबा आणि ब्राझीलला नेलेल्या योरुबा गुलामांनी आपली दैवतेच जिवंत ठेवली. ख्रिस्ती संतांच्या तसबिरींआड शांगो, येमोजा, ओशुन यांची उपासना चालू राहिली, देवतांची आवाहने योरुबा भाषेत होत राहिली, ढोलांचे ठेके देवतागणिक वेगळे राहिले. नायजेरियात ओशोगबो येथील ओशुन देवीच्या राईला २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तेथील वार्षिक उत्सवाला समुद्रापलीकडचे भक्तही येतात. त्यांना परतण्यासाठी एक ठिकाण आहे, एक भाषा आहे. सिद्दींना तसे कोणतेही गाव उरलेले नाही. ते थोड्या थोड्या संख्येने, निरनिराळ्या जमातींतून, अनेक शतके येत राहिले. देवांची नावे हरवली, भाषा हरवली. उरले ते हाताला आणि पायाला लक्षात राहते तेवढेच: ठेका, चाल, शिवण.

महाराष्ट्रात या कहाणीचा आणखी एक तुकडा नाशिकला आहे. तेथील शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ठेवून शिक्षण व हस्तव्यवसाय शिकवले जात. डेव्हिड लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या तुकडीतील आणि पुढे १८७४ साली त्यासोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हा याच नाशिकचा विद्यार्थी. नंतर यातील बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन या वसाहतीत परत गेले. मुंबईच्या गोदीत आणि आगबोटींच्या भट्ट्यांवर राबणारे ‘सीदी’ खलाशी हे याच काळाचे.

आज सिद्दींच्या कलेपुढचा प्रश्न विस्मृतीचा जितका आहे तितकाच मागणीचाही आहे. गीरच्या जंगलालगत सिद्दींची जांबूर, सिरवाण ही गावे आहेत. सासणला सिंह पाहायला येणाऱ्या पर्यटकांपुढे संध्याकाळी धमाल होते. सिद्दी गोमा कलाकारांचे जथे परदेशातही जाऊन आले आहेत. त्यातून पैसा येतो, आणि ज्या समाजाच्या वाट्याला मजुरीखेरीज फारसे आले नाही त्याला तो हवाच आहे. पण मंचावर अर्ध्या तासात सारे आटोपावे लागते. संथ सुरुवात गळते, नावे गळतात आणि नारळ पहिल्या पाच मिनिटांत फुटतो. कातडी, पाने, अंगावरचे रंग यांचा साज दर्ग्यापुढच्या नाचापेक्षा प्रेक्षकांच्या मनातल्या ‘आफ्रिके’ला अधिक जुळतो. ही तक्रार कलाकारांच्या विरुद्ध नाही. ज्यांना शेकडो वर्षे परके म्हणून पाहिले गेले, त्यांनी ते परकेपण विकून घर चालवले तर बोट कोणी दाखवावे?

सरकारदरबारी स्थिती थोडी पालटली आहे. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. सौराष्ट्रातील सिद्दींना ते आधीपासून होते. शांताराम सिद्दी यांची २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. जांबूरच्या हिराबाई लोबी यांना बचत गट, शेती आणि स्त्रियांच्या शिक्षणाच्या कामासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यापाठोपाठ कवंद्या आता शहरांतील प्रदर्शनांत मांडल्या जातात, भिंतीवर टांगल्या जातात. विकायच्या कवंदीसाठी पुष्कळदा नवे कापड वापरावे लागते, कारण ग्राहकाला जुन्या लुगड्याचा वास नको असतो. घरासाठी शिवायच्या कवंदीत मात्र आजीच्या साडीचा काठ, बापाचा सदरा आणि बाळाचे पहिले झबले एकत्र येते, आणि चार कोपऱ्यांना चार फुले बसल्याखेरीज बाई दोरा तोडत नाही.